ज्ञानकोशाच्या दारावरचा राखणदार

कोणतीही संस्था म्हटली की तिला दार आले, आणि दार आले की दारावर बसणारा कोणीतरी आला. देवस्थानचा पुजारी असो, वाचनालयाचा ग्रंथपाल असो की बँकेच्या खिडकीमागचा कारकून असो, संस्थेविषयीचे आपले मत तिच्या घटनेवरून क्वचितच ठरते. पहिल्या दिवशी तो दारावरचा माणूस आपल्याशी कसा बोलला यावरून ते ठरते. इंटरनेटवर गेल्या पंचवीस वर्षांत लाखो माणसांनी मिळून ज्या संस्था उभारल्या, त्यांनाही हे लागू पडते. तेथे नवख्याला मिळणारी तुसडी वागणूक आणि ऊठसूट उगारला जाणारा नियमांचा बडगा हा नेहमीचा तक्रारीचा विषय आहे. बहुतेक जण याकडे स्वभावदोष म्हणून पाहतात. तेथली जुनी मंडळी गर्विष्ठ आहेत, त्यांना अधिकाराचा माज आहे, वगैरे. मला मात्र हा प्रश्न स्वभावापेक्षा हिशेबाचा अधिक वाटतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जिकडे तिकडे हिशेबच दिसायचा, असे कोणी म्हणेल, म्हणोत. उदाहरणादाखल मी मुख्यतः विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश घेतला आहे. त्याचे कारण सोपे आहे. तेथील पानावर कोणी काय लिहिले, कोणी ते खोडले, खोडताना काय कारण दिले, हे सारे कोणालाही 'इतिहास' या सदराखाली उघडून पाहता येते. इतकी उघडी वही दुसऱ्या संस्थेची सापडणे कठीण.

ज्ञानकोश म्हटला की मराठी वाचकाला केतकरांची आठवण होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली होती व तिचे भाग विकले होते. (आमच्या कंपनी कायद्याच्या पुस्तकात हे उदाहरण कोणी का घालत नाही, कळत नाही.) पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. दोन्ही ठिकाणी संपादक कोण आणि लेखक कोण हे ठरलेले होते. राखणदार तेथेही होताच, परंतु त्याचे नाव ग्रंथावर छापलेले होते आणि राखण करणे हेच त्याचे नेमलेले काम होते.

विकिपीडियाची गोष्ट वेगळी. तिच्या आधी, २००० साली, जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' नावाचा ज्ञानकोश काढला होता. तेथे लेख तज्ज्ञांनी लिहायचा आणि तो तपासणीच्या सात पायऱ्या चढून गेला तरच प्रसिद्ध व्हायचा. परिणाम असा झाला की पहिल्या वर्षभरात जेमतेम वीस-एकवीस लेख सिद्ध झाले. तेव्हा १५ जानेवारी २००१ रोजी याच मंडळींनी एक जोडधंदा म्हणून विकिपीडिया सुरू केला. दार सताड उघडे, ज्याला यायचे त्याने यावे आणि लिहावे. पहिल्याच वर्षात तेथे अठरा-वीस हजार लेख जमले. जो मूळ धंदा होता तो बुडाला आणि जोडधंदा जगभर पसरला. ही सारी भरभराट अनोळखी नवख्या माणसांच्या जोरावर झाली, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

उघड्या दारातून चोरही येतात. मे २००५ मध्ये जॉन सीगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणीतरी निनावीपणे असे घुसडले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत या गृहस्थांचा हात असल्याचा संशय होता. वस्तुतः सीगेनथेलर हे रॉबर्ट केनेडी यांचे सहकारी. हा खोटा मजकूर चार महिने तसाच राहिला. कोणाच्या लक्षातही आले नाही. वर्षअखेरीस सीगेनथेलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि विकिपीडियाची मोठी नाचक्की झाली. डिसेंबर २००५ पासून इंग्रजी विकिपीडियावर नाव न नोंदवलेल्या माणसाला नवे पान सुरू करण्याची मनाई झाली. दाराला अडसर बसला तो असा. आणि तो बसवणारांना आपण दोष देऊ शकत नाही, कारण जिवंत माणसाच्या अब्रूचा प्रश्न होता.

याच सुमारास तेथे येणारांची संख्या प्रचंड वाढली. शिव्या लिहून जाणारे, आपल्या दुकानाची जाहिरात करणारे, मित्राची थट्टा करण्यासाठी त्याचे नाव ज्ञानकोशात घालणारे अशांचा लोंढा आला. या लोंढ्याशी झुंजणारे सगळे बिनपगारी. दिवसभर नोकरी किंवा अभ्यास करून रात्री संगणकासमोर बसणारे. त्यांनी आपल्या सोयीची हत्यारे बनवली. काही काम यंत्रावर सोपवले. अशा आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीला मराठी विकिपीडियाने 'सांगकाम्या' असे फार गोड नाव दिले आहे. इतर काही हत्यारे माणूस आणि यंत्र मिळून चालवायची. २००८ साली आलेले 'हगल' हे त्यांपैकी एक. त्यात संशयास्पद बदल एकामागून एक डोळ्यांसमोर येतात. राखणदाराने पाहायचे आणि एक कळ दाबायची. तेवढ्यात तो बदल पुसला जातो आणि ज्याने तो केला त्याच्या चर्चापानावर तयार साच्यातील इशाराही जाऊन पडतो.

आता या व्यवहाराचा हिशेब मांडू. पुसायला आणि इशारा द्यायला काही सेकंद लागतात. उलट, एखाद्या नवख्याने चांगल्या हेतूने पण चुकीच्या रीतीने काही लिहिले असेल, तर त्याला काय चुकले हे समजावणे, संदर्भ कसा द्यायचा हे दाखवणे, त्याच्या उलट प्रश्नाला उत्तर देणे यात माझ्या अंदाजाने पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. राखणदाराजवळ रात्रीचा एक तास आहे आणि समोर पाचशे बदलांची रांग आहे. तो कोणता मार्ग धरील? तो माणूस मुळात दुष्ट असण्याची काहीच गरज नाही. अगदी सालस माणूसही त्या खुर्चीवर बसवला तर महिन्याभरात त्याचे बोट त्या एका कळीवर स्थिरावेल. शिवाय रांगेतले बहुतेक बदल खरोखरच वाईट असतात, त्यामुळे पुढचाही वाईटच असणार अशी नजर तयार होते. साच्यातील इशाऱ्याची भाषाही लक्षात घ्या. ती वाईट माणसाला उद्देशून लिहिलेली असते. चांगल्या माणसाच्या हाती तोच कागद पडला म्हणजे त्याला दुकानात शिरताक्षणीच कोणीतरी खिसे तपासल्यासारखे वाटते.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. एरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला निदान पाच बदल करणाऱ्या संपादकांची संख्या २००७ साली ५१ हजारांच्या आसपास होती. ती २०१३ पर्यंत ३१ हजारांच्या आसपास उतरली. असे का झाले? सोपे उत्तर असे होते की पूर्वी चांगले लोक येत, आता वाईट येतात. हे तपासण्यासाठी या अभ्यासकांनी निरनिराळ्या वर्षी आलेल्या नवख्यांचे सुरुवातीचे काम काढले आणि माणसांकरवी, हाताने, त्याची वर्गवारी केली : हा चांगल्या हेतूने आला होता की नासधूस करायला? त्यांना असे आढळले की चांगल्या हेतूने येणारांचे प्रमाण २००६ नंतर फारसे घटलेलेच नव्हते. वाढले होते ते त्यांचे काम पुसले जाण्याचे प्रमाण. आणि ज्यांचे पहिलेच काम पुसले गेले, त्यातही यंत्राच्या मदतीने पुसले गेले, ते परत येण्याची शक्यता फार कमी होत होती. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कमी लक्ष जाते. नियमांची पाने २००७ च्या सुमारास घट्ट गोठली होती. नव्या माणसाने नियमांत सुचवलेला बदल टिकत नव्हता, जुन्याने सुचवलेला टिकत होता. घर बांधून झाले आणि किल्ल्या पहिल्या भाडेकरूंच्या कनवटीला राहिल्या, असा हा प्रकार.

आमच्या खडेबाजारातील कोणत्याही जुन्या व्यापाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. उधारी दिली की काही बुडतेच. बुडीत कर्जाचे खाते प्रत्येक वहीत असते, आणि वर्षअखेरीस तो आकडा लाल शाईने डोळ्यांत भरतो. एखाद्या नव्या मुनीमाने शहाणपणा करून ठरवले की यापुढे अनोळखी माणसाला एक पैशाची उधारी नाही, तर पुढच्या वर्षी ते खाते कोरे दिसेल. मुनीम खूश होईल. परंतु जे गिऱ्हाईक 'नाही' ऐकून समोरच्या दुकानात गेले आणि पुढली वीस वर्षे तिकडेच जात राहिले, त्याचे खाते कोठे आहे? त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. दुहेरी नोंद पद्धतीचा सारा डोलारा झालेल्या व्यवहारावर उभा आहे; न झालेला व्यवहार तिला दिसत नाही.

विकिपीडियाच्या राखणदाराची स्थिती हुबेहूब त्या मुनीमासारखी आहे. वाईट मजकूर आत राहिला तर सीगेनथेलर प्रकरण होते, वर्तमानपत्रांत छी-थू होते, आणि इतिहासाच्या पानावरून कोणाच्या डोळ्यांदेखत तो गेला हेही काढता येते. पण चांगल्या माणसाला हाकलले तर काय होते? काहीच होत नाही. तो गुपचूप निघून जातो. तो तक्रार करीत नाही, कारण तक्रार कोठे करायची हेही त्याला ठाऊक नसते. राखणदाराच्या खाती मात्र 'एक उत्पात पुसला' अशी जमेची नोंद पडते. ज्या चुकीची शिक्षा मिळते ती माणूस टाळतो आणि जिची मिळत नाही ती करीत राहतो. तुसडेपणाचे मूळ मला येथे दिसते.

क्वचित एखादे वेळी न मांडलेला तोटा उघड्यावर येतो. २०१८ च्या मार्च महिन्यात कोणा संपादकाने डोना स्ट्रिकलंड या कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ बाईंवर एक मसुदा लिहून इंग्रजी विकिपीडियाच्या तपासणीस पाठवला. मे महिन्यात तो परत आला. कारण, दिलेल्या संदर्भांवरून या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी बाईंना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मारी क्युरी (१९०३) आणि मारिया गेपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतर हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री. लेझरचा अतिशय प्रखर व अतिशय छोटा ठोका तयार करण्याची जी रीत त्यांनी शोधली, तो शोध १९८५ सालचा. म्हणजे काम तेहतीस वर्षे जुने होते. पारितोषिक जाहीर झाल्यावर लोक त्यांचे नाव शोधू लागले, तेव्हा ज्ञानकोशात त्यांचे पान नव्हते.

त्या वेळी पुष्कळ लोकांनी मसुदा परतवणाऱ्या स्वयंसेवकाला झोडपले. ते मला पटत नाही. त्याच्या हातात सर्वसाधारण नियम होता : व्यक्तीविषयी तिच्या स्वतःच्या संस्थेबाहेरच्या, स्वतंत्र छापील वा प्रकाशित आधारांची गरज. दिलेले आधार तसे नव्हते. विद्यापीठातील संशोधकांसाठी आणखी एक वेगळा निकष विकिपीडियावर आहे आणि त्यात मोठ्या विद्वत्सभेचे अध्यक्षपद ग्राह्य धरतात. बाई २०१३ साली ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे दार उघडणारी किल्ली त्याच जुडग्यात होती. पण ती शोधायला पाच-दहा मिनिटे लागली असती आणि मागे मसुद्यांची रांग उभी होती. एवढे मात्र म्हणता येईल की 'परत' असा शिक्का मारण्याऐवजी 'अमुक निकष पाहा, अमुक आधार जोडा' अशी एक ओळ लिहिली असती तर ती ओळ मोलाची ठरली असती. स्ट्रिकलंडबाईंचे उदाहरण नोबेलमुळे आपल्याला कळले. ज्यांना नोबेल मिळाले नाही त्यांच्या परत गेलेल्या मसुद्यांचे काय झाले, हे विचारायलाही कोणी गेले नाही.

लेखापरीक्षणाच्या तासाला शिकवला जाणारा एक जुना खटला येथे आठवतो. किंग्स्टन कॉटन मिल या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थापकाने शिल्लक मालाची किंमत वर्षानुवर्षे फुगवून दाखवली आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. १८९६ साली अपील न्यायालयाने लेखापरीक्षकांना निर्दोष ठरवले. लेखापरीक्षक हा घर राखणारा कुत्रा आहे, वास काढत शिकारीमागे धावणारा नव्हे, हे न्यायमूर्ती लोप्स यांचे मत वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. परीक्षेत तेवढेच वाक्य लिहून बरेच जण थांबतात. परंतु त्याच निकालात पुढचा विचारही आहे : काहीतरी गडबड असणारच असे मनात धरून लेखापरीक्षकाने कामाला बसू नये, संशयास जागा दिसली की मात्र मुळापर्यंत जावे. विकिपीडियाच्या नियमांतही नेमके हेच आहे. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरा, नवख्यांना चावू नका, अशा अर्थाची पाने तेथे फार पूर्वीपासून आहेत. म्हणजे कायदा दोन्हीकडे शहाणा आहे. फरक असा की लेखापरीक्षक वर्षातून एकदा एका कंपनीच्या वह्या तपासतो, त्याला शुल्क मिळते आणि समोरच्याची बाजू ऐकायला वेळ असतो. पाचशेच्या रांगेपुढे बसलेल्या बिनपगारी माणसाला राखणारा कुत्रा राहणे परवडत नाही.

संगणकाची भाषा शिकणाऱ्या आमच्या मित्रांना 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे नाव ठाऊक असेल. २००८ साली सुरू झालेले हे प्रश्नोत्तरांचे ठिकाण. तेथे नवख्याचा प्रश्न 'हा पूर्वी विचारला गेला आहे' असे सांगून बंद करण्यात येई, आणि जुना प्रश्न खरोखर तोच आहे काय हे त्या नवख्याला कळतही नसे. एप्रिल २०१८ मध्ये चालक कंपनीने स्वतःच जाहीरपणे मान्य केले की आपले ठिकाण नव्या लोकांना, स्त्रियांना व इतर काही गटांना आपुलकीचे वाटत नाही. यापुढचा भाग अधिक बोलका आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि नंतरच्या सहा महिन्यांत तेथील लेखन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. यंत्राची उत्तरे चुकतात हे लोकांना माहीत आहे; पण यंत्र खेकसत नाही. समोर दुसरे दुकान उघडेपर्यंत गिऱ्हाईक किती दुखावले होते हे पहिल्या दुकानदाराला कळत नाही, ते असे. घट केवळ तुसडेपणामुळे झाली असे मी म्हणत नाही. सोय हेही कारण आहेच.

मग राखणदाराला वरून वेसण घालावी काय? तोही प्रयोग झाला आहे. जून २०१९ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या कार्यालयाने इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रचालकावर, त्याच्या वागणुकीविषयीच्या तक्रारींवरून, एक वर्षाची बंदी घातली. पुरावा गुप्त ठेवला आणि समाजाने निवडलेल्या लवाद समितीला डावलले. तेव्हा वीसेक प्रचालकांनी राजीनामे दिले. सप्टेंबरमध्ये लवाद समितीने बंदी उठवली, पण त्या गृहस्थांचे प्रचालकपद परत दिले नाही. या प्रकरणी मला दोन्ही पक्षांचे थोडे थोडे पटते. तक्रार करणारांना नाव फुटण्याची भीती असते, हे खरे. आणि आरोपीला आरोप न सांगता शिक्षा करणे हा बडगाच, मग तो बडगा बडगेवाल्याच्या पाठीत का बसेना.

आतापर्यंत इंग्रजीविषयी बोललो. तेथे हजारो माणसे असतात, एक राखणदार तुसडा निघाला तर दुसरा भला भेटतो. लहान भाषांत काय होते? ऑगस्ट २०२० मध्ये असे उघडकीला आले की स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतील विकिपीडियाचे वीस हजारांहून अधिक लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यांत शब्द बदलून त्याने वर्षानुवर्षे हे केले, बाराव्या वर्षापासून, आणि हेतू वाईट नव्हता. तेथे दारावर कोणीच बसलेले नव्हते. उलट टोक क्रोएशियन विकिपीडियाचे. तेथे मूठभर प्रचालकांच्या टोळक्याने जवळजवळ दहा वर्षे कारभार बळकावला, दुसऱ्या महायुद्धातील फॅसिस्ट राजवटीचे अत्याचार सौम्य करून लिहिले, आणि आक्षेप घेणारांना नियमांवर बोट ठेवून बाहेर काढले. फाउंडेशनने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे सविस्तर आले आहे. येथे सौम्य शब्दांत समजावणारा राखणदार असता तर काय फरक पडला असता? काहीच नाही, कारण घर राखण्याऐवजी त्यांनी ते ताब्यातच घेतले होते. तेव्हा माझा हिशेबाचा सिद्धांत सगळ्याच कुलपांना लागत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज त्यावरील लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. कन्नड विकिपीडिया त्याच वर्षी जूनमध्ये निघाला. तेथे तीस हजारांवर लेख आहेत. आमच्यासारख्या दोन्ही भाषांत वावरणाऱ्यांना दोहोंची पाने शेजारी उघडून पाहण्यात मौज वाटते. सर्वांनी जमून चर्चा करण्याच्या पानाला मराठीत 'चावडी' म्हणतात, कन्नडमध्ये 'अरळी कट्टे'. अरळी म्हणजे पिंपळ. आपण ज्याला पार म्हणतो तोच. चावडीवर तलाठी बसतो, सारा भरला जातो, तंटे ऐकले जातात. बोलावल्याशिवाय तेथे कोणी जात नाही. पिंपळाच्या पारावर वाटसरूही टेकतो. नावे ठेवणारांच्या मनात एवढे काही नसेल, आणि नावावरून कारभार ठरत नाही. पण नवा लेखक म्हणून मला आधी कोणत्या पानावर जावेसे वाटेल, हे मी सांगू शकतो.

मराठी विकिपीडियावर नवख्यासाठी 'धूळपाटी' आहे. चुका करायला, पुसायला मोकळी जागा. मराठी शाळेत शिकलेल्याला हा शब्द दिसला की निम्मी भीती जाते. अडचण पुढे येते, ती आधारांची. सीमाभागातील एखाद्या खेड्याच्या यात्रेवर, एखाद्या भजनी मंडळावर, जुन्या तालमीवर कोणी लिहू लागला तर छापील आधार कोठून आणणार? स्थानिक वर्तमानपत्रातील दोन ओळी, एखादी स्मरणिका, आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. इंग्रजीतून आलेला नियम लावला की हे सारे बाद. २०११ साली अचल प्रभाला यांनी हाच प्रश्न घेऊन 'पीपल आर नॉलेज' हा माहितीपट केला. ज्या भाषांत छपाई थोडी आहे तेथे जाणत्या माणसाची नोंदवून ठेवलेली मुलाखत आधार म्हणून का चालू नये, असा त्यात प्रश्न होता. त्यावर बराच वाद झाला, आणि आक्षेप घेणारांचे म्हणणे पोकळ नव्हते. ऐकीव गोष्टीला आधार म्हटले तर सीगेनथेलर प्रकरण गावोगाव होईल. तरीही 'संदर्भ नाही, लेख काढला' असे लिहिणे आणि 'यात्रेची स्मरणिका कोणत्या वर्षी छापली ते देता काय?' असे विचारणे, यांत नियम एकच राखला जातो. पहिले लिहिले की नवखा जातो, दुसरे विचारले की तो बहुधा घरी जाऊन कपाट उघडतो.

उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१२ साली इंग्रजी विकिपीडियावर 'टीहाउस', म्हणजे चहाघर, उघडले. नवख्याने तेथे यावे, वाटेल तो बाळबोध प्रश्न विचारावा, आणि उत्तर देणाराने न रागावता द्यावे, असा तेथला रिवाज. ज्यांना तेथे बोलावणे गेले ते, न गेलेल्यांच्या मानाने, अधिक काळ टिकले असे २०१८ साली मोजून दाखवण्यात आले. २०१५ मध्ये हाफेकर यांनी एक यंत्रणा आणली, ती मला विशेष वाटते. ती प्रत्येक बदलाला दोन वेगवेगळे गुण देते : याने पानाची हानी झाली काय, आणि हे चांगल्या हेतूने केले आहे काय. जुनी यंत्रे पहिला प्रश्न तेवढा विचारत. चुकीचे पण सद्हेतूचे असा जो मोठा वर्ग मधे होता, त्याला निराळे खाते पहिल्यांदा उघडले गेले. त्या खात्यातील माणसाला इशाऱ्याऐवजी पत्र लिहायचे असते.

त्यानंतर प्रत्येक नवख्याला एक मार्गदर्शक नेमून देण्याची आणि त्याला झेपतील अशी सोपी कामे सुचवण्याची सोय आली. २०१८ नंतर चेक व कोरियन अशा मध्यम आकाराच्या विकिपीडियांवर ती आधी करून पाहण्यात आली आणि मग इतरत्र गेली. योजना चांगली आहे. पण मार्गदर्शकांच्या यादीत नावे हवीत. लहान भाषेत जो लेख लिहितो तोच उत्पात पुसतो, तोच चावडीवरचे वाद मिटवतो, आणि मार्गदर्शक म्हणूनही त्याचेच नाव लागते. रात्री जेवणानंतरचा जो एक तास त्याच्याजवळ असतो, त्यातून ही चारही खाती त्याला भरायची असतात.